व्हॉलीबॉलचे मूलभूत नियम : कोर्टचे माप, गुण, रोटेशन आणि नेहमी वाद होणारे फाउल

गावच्या मैदानापासून कॉलेजच्या ग्राउंडपर्यंत व्हॉलीबॉल सगळीकडे खेळला जातो. दोन खांब, एक जाळी आणि एक चेंडू मिळाला की खेळ सुरू. पण स्कोअर २४-२४ झाला आणि कोणाचा तरी हात जाळीला लागला, की खेळ थांबतो आणि वाद सुरू होतो. "टच झाला", "नाही झाला", "डबल होता", "पाय आत गेला होता" असा आरडाओरडा होतो आणि ज्याचा आवाज मोठा त्याला गुण मिळतो. चांगली खेळलेली टीम केवळ नियम माहीत नाही म्हणून सामना गमावते.

म्हणून या लेखात व्हॉलीबॉलचे मूलभूत नियम सोप्या भाषेत दिले आहेत. हे नियम सहा खेळाडूंच्या इनडोअर व्हॉलीबॉलचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय व्हॉलीबॉल महासंघाच्या नियमांवर आधारलेले आहेत. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात खेळला जाणारा शूटिंगबॉल आणि वाळूवरचा बीच व्हॉलीबॉल हे वेगळे खेळ आहेत. त्यांचे नियम इथे लावू नयेत.

खेळाचा थोडक्यात इतिहास

व्हॉलीबॉलचा जन्म १८९५ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या होल्योक या गावी झाला. तिथल्या वायएमसीए संस्थेतील शारीरिक शिक्षणाचे संचालक विल्यम जी. मॉर्गन यांनी हा खेळ तयार केला. त्याच्या चार वर्षे आधी, १८९१ मध्ये, जवळच्याच स्प्रिंगफील्डमध्ये बास्केटबॉल सुरू झाला होता. पण त्यात धावपळ आणि धक्काबुक्की फार. वयाने मोठ्या सभासदांना झेपेल असा, एकमेकांच्या अंगाला अंग न लागणारा खेळ मॉर्गन यांना हवा होता. म्हणून त्यांनी मध्ये जाळी बांधली आणि दोन्ही संघांना वेगळे केले. सुरुवातीला या खेळाचे नाव 'मिंटोनेट' होते. चेंडू जमिनीवर पडू न देता हवेतच टोलवायचा, म्हणून पुढे 'व्हॉलीबॉल' हे नाव रूढ झाले.

१९४७ मध्ये आंतरराष्ट्रीय व्हॉलीबॉल महासंघ स्थापन झाला आणि १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये व्हॉलीबॉलचा समावेश झाला. भारतात व्हॉलीबॉल फेडरेशन ऑफ इंडियाची स्थापना १९५१ मध्ये झाली. आशियाई क्रीडा स्पर्धांत भारतीय पुरुष संघाने १९५८ मध्ये कांस्य, १९६२ मध्ये रौप्य आणि १९८६ मध्ये पुन्हा कांस्यपदक मिळवले. १९८६ च्या त्या संघात केरळचे प्रसिद्ध खेळाडू जिमी जॉर्ज होते.

कोर्ट, जाळी आणि चेंडूचे माप

• कोर्ट : १८ मीटर लांब आणि ९ मीटर रुंद. मधल्या रेषेने त्याचे ९ बाय ९ मीटरचे दोन समान भाग होतात.
• रेषा : सर्व रेषा ५ सेंटीमीटर रुंद. बाजूच्या आणि मागच्या रेषा कोर्टाचाच भाग मानल्या जातात.
• अटॅक लाइन : मधल्या रेषेपासून ३ मीटरवर, दोन्ही बाजूंना. हिच्या पुढचा भाग म्हणजे फ्रंट झोन.
• मोकळी जागा : कोर्टाभोवती सर्व बाजूंनी किमान ३ मीटर, आणि वर किमान ७ मीटर अडथळा नको.
• जाळीची उंची : पुरुषांसाठी २.४३ मीटर, महिलांसाठी २.२४ मीटर. उंची कोर्टाच्या मध्यभागी मोजतात. लहान वयोगटांसाठी ती कमी ठेवतात.
• अँटेना : बाजूच्या रेषेच्या बरोबर वर, जाळीच्या दोन्ही टोकांना लावलेली १.८० मीटर लांबीची काठी. ती जाळीच्या वर ८० सेंटीमीटर दिसते.
• चेंडू : घेर ६५ ते ६७ सेंटीमीटर, वजन २६० ते २८० ग्रॅम.

खांब बाजूच्या रेषेपासून अर्धा ते एक मीटर बाहेर रोवायचे असतात आणि त्यांना तारेचे ताण देण्यास नियमात मनाई आहे. आपल्याकडे मात्र अनेक मैदानांवर खांब तारेने बांधून खुंटी ठोकलेली असते. चेंडूकडे बघत मागे धावणारा खेळाडू त्या तारेत अडकतो किंवा खुंटीवर पडतो. मोकळ्या जागेचा नियमही याच कारणासाठी आहे. कोर्टाला लागून भिंत, झाड किंवा दगडाचा ढीग असेल तर चेंडू वाचवण्याच्या नादात मोठी दुखापत होऊ शकते. मैदान आखताना पैसे कमी असतील तर रंगरंगोटी कमी करा, पण या दोन गोष्टी सोडू नका.

संघात किती खेळाडू असतात?

संघात साधारणपणे १२ खेळाडू असतात. त्यातले ६ कोर्टवर खेळतात आणि उरलेले राखीव असतात. सहा जणांत तीन पुढच्या ओळीत, म्हणजे जाळीजवळ, आणि तीन मागच्या ओळीत.

एका सेटमध्ये संघाला ६ खेळाडू बदलता येतात. सुरुवातीच्या सहांपैकी एखादा बाहेर गेला, तर तो त्याच सेटमध्ये एकदाच परत येऊ शकतो, आणि तोही ज्याने त्याची जागा घेतली त्याच्याच जागी. प्रत्येक सेटमध्ये संघाला ३० सेकंदांचे दोन टाइमआउट मिळतात.

गुण कसे मोजतात?

पूर्वी ज्या संघाची सर्व्हिस असेल त्यालाच गुण मिळायचा. दुसऱ्या संघाने रॅली जिंकली तर त्याला फक्त सर्व्हिस मिळत असे. त्यामुळे सामने फार लांबायचे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत बदलली. आता प्रत्येक रॅलीला गुण मिळतो, सर्व्हिस कोणाचीही असो. याला रॅली पॉइंट पद्धत म्हणतात. जुन्या पिढीतले काही प्रेक्षक अजूनही "सर्व्हिस त्यांची होती, गुण कसा दिला?" असे विचारतात, ते या जुन्या पद्धतीमुळे.

• सेट २५ गुणांचा असतो, पण किमान २ गुणांची आघाडी लागते. २५-२३ ला सेट संपतो. २४-२४ झाल्यास २६-२४, २७-२५ असा दोनचा फरक पडेपर्यंत खेळ चालतो. त्याला वरची मर्यादा नाही.
• सामना पाच सेटचा असतो. जो संघ तीन सेट जिंकतो तो विजयी.
• २-२ बरोबरी झाल्यास पाचवा सेट १५ गुणांचा होतो. इथेही २ गुणांची आघाडी हवीच. एका संघाचे ८ गुण झाले की बाजू बदलतात.

स्थानिक स्पर्धांत वेळेअभावी तीन सेटचे सामने ठेवतात. त्यात चूक काही नाही, पण निर्णायक सेट १५ चा की २५ चा, हे आयोजकांनी आधीच जाहीर करावे.

सामन्याची सुरुवात नाणेफेकीने होते. जिंकणारा कर्णधार सर्व्हिसबाबतचा निर्णय घेतो किंवा कोर्टाची बाजू निवडतो. उरलेला पर्याय दुसऱ्याला मिळतो. प्रत्येक सेटनंतर बाजू बदलतात. पाचव्या सेटपूर्वी पुन्हा नाणेफेक होते.

सर्व्हिसचे नियम

१. सर्व्हिस मागच्या रेषेच्या पाठीमागून, ९ मीटर रुंदीच्या पट्ट्यातून कुठूनही करता येते.
२. पंचांच्या शिट्टीनंतर ८ सेकंदांत चेंडू मारावा लागतो. शिट्टीआधी मारलेली सर्व्हिस रद्द होते आणि पुन्हा करावी लागते.
३. चेंडू हातातून सोडून किंवा वर उडवून एका हाताने मारायचा. चेंडू एकदाच उडवता येतो.
४. चेंडू मारताना किंवा उडी घेताना पाय मागच्या रेषेला लागता कामा नये. उडी मारून सर्व्हिस केल्यावर पाय कोर्टात पडला तरी चालतो.
५. सर्व्हिसचा चेंडू जाळीला घासून पलीकडे गेला तर खेळ चालू राहतो. हा नियम अनेकांना माहीत नसतो. टेबल टेनिसप्रमाणे इथे 'लेट' नसतो.
६. समोरच्या संघाला सर्व्हिस ब्लॉक करता येत नाही. तसेच फ्रंट झोनमध्ये, पूर्णपणे जाळीच्या वर असलेल्या सर्व्हिसवर थेट स्मॅश मारता येत नाही.

रोटेशन : सर्वांत जास्त गोंधळ इथेच

कोर्टवरच्या सहा जागांना क्रमांक असतात. जाळीकडे तोंड करून उभे राहा. मागच्या ओळीत उजवीकडचा १ नंबर, हा सर्व्हिस करतो. त्याच्या पुढे जाळीजवळ उजवीकडे २, मध्ये ३, डावीकडे ४. मग मागे डावीकडे ५ आणि मागे मध्यभागी ६.

समोरच्या संघाची सर्व्हिस असताना तुम्ही रॅली जिंकली, की तुम्हाला गुण आणि सर्व्हिस दोन्ही मिळतात. त्या वेळी सर्व खेळाडू घड्याळाच्या काट्याच्या दिशेने एक जागा सरकतात. २ नंबरचा खेळाडू १ वर येतो आणि सर्व्हिस करतो. तुमचीच सर्व्हिस असताना गुण मिळाला तर कोणी सरकायचे नाही. तोच खेळाडू पुन्हा सर्व्हिस करतो.

रोटेशनचा हेतू साधा आहे. उंच खेळाडू कायम जाळीजवळ आणि बुटका कायम मागे असे होऊ नये. प्रत्येकाला पुढे आणि मागे, दोन्हीकडे खेळावे लागते.

सर्व्हिस घेणाऱ्या संघाने सर्व्हिस मारली जाण्याच्या क्षणी आपल्या क्रमाने उभे असले पाहिजे. म्हणजे ३ नंबरचा खेळाडू २ आणि ४ च्या मध्ये हवा, आणि ६ नंबरच्या पुढे हवा. हे पायांच्या जागेवरून ठरते. चेंडू मारला गेला की मग कोणीही कुठेही जाऊ शकतो. म्हणूनच मागच्या ओळीतला सेटर सर्व्हिस होताच जाळीकडे धावताना दिसतो. पूर्वी हे बंधन दोन्ही संघांना होते. २०२५ पासूनच्या आंतरराष्ट्रीय नियमांत सर्व्हिस करणाऱ्या संघाला उभे राहण्याच्या जागेची मोकळीक दिली आहे. सर्व्हिसचा क्रम मात्र त्यांनाही पाळावाच लागतो.

चुकीच्या खेळाडूने सर्व्हिस केली तर समोरच्या संघाला गुण आणि सर्व्हिस मिळते. यावर उपाय एकच. गुणलेखकाने प्रत्येक सेटच्या सुरुवातीला सर्व्हिसचा क्रम लिहून घ्यायचा. साध्या वहीत लिहिला तरी पुरतो.

तीन टच आणि चेंडू खेळण्याची पद्धत

चेंडू आपल्या बाजूला आल्यावर जास्तीत जास्त तीन स्पर्शांत तो पलीकडे पाठवायचा. नेहमीचा क्रम असा : पहिला पास, दुसरा सेट आणि तिसरा स्मॅश. सेट करणाऱ्याला सेटर किंवा लिफ्टर म्हणतात. दोन स्पर्शांत किंवा एकाच स्पर्शात चेंडू पाठवला तरी चालतो.

• एका खेळाडूला लागोपाठ दोनदा चेंडू खेळता येत नाही.
• ब्लॉकचा स्पर्श तीन टचमध्ये मोजत नाहीत. ब्लॉकनंतर संघाला पूर्ण तीन टच मिळतात, आणि ब्लॉक करणारा खेळाडूही त्यातला पहिला टच घेऊ शकतो.
• शरीराच्या कोणत्याही भागाने चेंडू खेळता येतो. पाय लागला म्हणून फाउल होत नाही. फक्त सर्व्हिस हातानेच करावी लागते.
• चेंडू पकडणे, तळहातावर थांबवणे किंवा फेकणे हा फाउल आहे. चेंडू हाताला लागून लगेच उडाला पाहिजे.
• संघाचा पहिला टच घेताना, एकाच हालचालीत चेंडू आधी हाताला आणि मग छातीला लागला तर तो डबल धरत नाहीत. जोरदार सर्व्हिस आणि स्मॅश उचलता यावेत म्हणून ही सवलत आहे. दुसऱ्या टचला, म्हणजे सेट करताना, ती मिळत नाही.

चेंडू आत की बाहेर?

चेंडूचा थोडासा भाग जरी रेषेला टेकला तरी चेंडू आत. चेंडू पूर्णपणे रेषेच्या बाहेर पडला, अँटेनाला, खांबाला किंवा छताला लागला, तर बाहेर. चेंडू दोन अँटेनांच्या मधूनच पलीकडे गेला पाहिजे.

स्मॅशचा चेंडू ब्लॉक करणाऱ्याच्या बोटांना लागून बाहेर गेला, तर गुण स्मॅश मारणाऱ्याला मिळतो. हा 'टच आउट' पुष्कळदा फक्त ब्लॉक करणाऱ्यालाच कळतो. पंच नसलेल्या सामन्यात खेळाडूने स्वतःहून हात वर केला तर वाद तिथेच मिटतो.

जाळी आणि मधली रेषा

चेंडू खेळण्याच्या क्रियेत दोन अँटेनांच्या मधल्या जाळीला स्पर्श झाला तर फाउल. या क्रियेत उडी, चेंडू मारणे किंवा मारण्याचा प्रयत्न आणि खाली उतरणे हे सगळे येते. मात्र समोरून आलेल्या चेंडूमुळे जाळी ढकलली जाऊन खेळाडूला लागली तर फाउल नाही. चेंडूपासून लांब असलेल्या खेळाडूचा खांदा जाळीला हलकेच लागला आणि खेळावर परिणाम झाला नाही, तरी फाउल नाही.

पायाचा काही भाग मधल्या रेषेवर किंवा तिच्या वर असेल, तर उरलेला भाग पलीकडे गेला तरी चालतो. पूर्ण पाऊल समोरच्या कोर्टात पडले की फाउल. व्हॉलीबॉलमध्ये घोटा मुरगळण्याचे प्रसंग जाळीजवळच जास्त येतात. एक जण स्मॅश मारून उतरतो, दुसरा ब्लॉक करून उतरतो, आणि एकाचा पाय दुसऱ्याच्या पायावर पडतो. म्हणून "थोडा पाय गेला तर काय झाले" असे म्हणून हा नियम सैल सोडू नये.

ब्लॉक करताना हात जाळीवरून पलीकडे नेता येतो, पण समोरच्याने आपला फटका मारण्याआधी चेंडूला अडथळा करता येत नाही. स्मॅश मारताना चेंडूला स्पर्श आपल्याच बाजूला व्हायला हवा. नंतर हात पलीकडे गेला तरी हरकत नाही.

मागच्या ओळीतला खेळाडू स्मॅश मारू शकतो का?

हो, पण अटॅक लाइनच्या मागून उडी घेऊनच. उडी घेताना पाय त्या रेषेला लागला तरी फाउल होतो. हवेत पुढे येऊन फ्रंट झोनमध्ये उतरले तर चालते. अटॅक लाइनच्या पुढून मागच्या ओळीतल्या खेळाडूला चेंडू मारता येतो, पण त्या वेळी चेंडू पूर्णपणे जाळीच्या वर नसावा. त्याला ब्लॉकमध्ये भाग घेता येत नाही.

लिबेरो म्हणजे कोण?

वेगळ्या रंगाचा टी-शर्ट घातलेला खेळाडू म्हणजे लिबेरो. १९९८ पासून ही जागा आंतरराष्ट्रीय खेळात आली. तो फक्त मागच्या ओळीत खेळतो आणि बचाव सांभाळतो. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार त्याला सर्व्हिस करता येत नाही, ब्लॉक करता येत नाही आणि जाळीच्या वरचा चेंडू मारता येत नाही. त्याचे आत-बाहेर जाणे सहा बदलांत मोजत नाहीत. उंची कमी असलेल्या पण चपळ मुला-मुलींसाठी ही हक्काची जागा आहे. "उंची नाही, व्हॉलीबॉल तुझ्यासाठी नाही" असे कोणी सांगितले तर लिबेरोचे नाव सांगा.

पंच आणि कार्ड

जाळीच्या टोकाला उंचावर उभा असतो तो पहिला पंच. त्याचा निर्णय अंतिम असतो. समोर खाली दुसरा पंच असतो. त्यांच्यासोबत गुणलेखक आणि रेषापंच काम करतात. निर्णयाबद्दल पंचांना विचारण्याचा अधिकार मैदानावरच्या कर्णधाराला असतो, सगळ्या संघाला नाही.

गैरवर्तनासाठी पिवळे कार्ड म्हणजे ताकीद. लाल कार्ड म्हणजे समोरच्या संघाला गुण आणि सर्व्हिस. दोन्ही कार्डे एकाच हातात दाखवली तर खेळाडू त्या सेटमधून बाहेर, आणि दोन वेगळ्या हातांत दाखवली तर पूर्ण सामन्यातून बाहेर.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न : एकाच संघाच्या दोघांचा चेंडूला एकदम हात लागला तर?
उत्तर : ते दोन टच धरतात. ब्लॉक करताना मात्र हे लागू नाही.

प्रश्न : जाळीवर दोन्ही संघांच्या खेळाडूंनी चेंडू एकाच वेळी ढकलला तर?
उत्तर : चेंडू ज्या बाजूला पडतो त्या संघाला नव्याने तीन टच मिळतात. चेंडू बाहेर गेला तर विरुद्ध बाजूच्या संघाची चूक धरतात.

प्रश्न : चेंडू जाळीत अडकून खाली येत असेल तर खेळता येतो का?
उत्तर : हो. तीन टच पूर्ण झाले नसतील तर जाळीवरून परत आलेला चेंडू खेळता येतो.

प्रश्न : दोन्ही संघांचा फाउल एकाच वेळी झाला तर?
उत्तर : कोणालाही गुण नाही. रॅली पुन्हा खेळतात.

प्रश्न : खेळ चालू असताना दुसरा चेंडू कोर्टात आला तर?
उत्तर : खेळ थांबवून रॅली पुन्हा घेतात.

सामना सुरू करण्याआधी हे ठरवा

स्थानिक सामन्यात सगळे आंतरराष्ट्रीय नियम पाळणे शक्य होत नाही, आणि तशी गरजही नसते. पण पाच गोष्टी दोन्ही कर्णधारांनी आधी बोलून घ्याव्यात : किती सेट, निर्णायक सेट किती गुणांचा, जाळीची उंची, लिबेरो चालणार का, आणि शेवटचा निर्णय कोणाचा. उंची मोजायला टेप नसेल तर सामन्याआधी एखाद्या काठीवर २.४३ मीटरची खूण करून ठेवा. पंच मिळत नसेल तर पुढच्या सामन्यातल्या संघाचा एक खेळाडू पंच म्हणून बसवता येतो. मात्र एकदा तो बसला की त्याची शिट्टी दोन्ही संघांनी मानायची.

हा लेख तुमच्या टीमच्या ग्रुपवर पाठवून ठेवा. पुढच्या वेळी २४-२४ वर वाद झाला तर उपयोगी पडेल.